वहिनीला न पटलेले मॉनिटर

वहिनी खोटं बोलत असती तर मी सरळ भांडलो असतो. पंचाईत अशी, की ती दर वेळी खरंच बोलायची. रंग जुळत नाही म्हणाली, तर नसायचाच जुळत. उंची कमीजास्त आहे म्हणाली, तर असायची. कॉम्प्युटर विकण्यात आणि दुरुस्त करण्यात माझे केस पिकले. तरी दर सुटीला दोन मॉनिटर भावाच्या घरी न्यायचे आणि संध्याकाळी तेच दोन मॉनिटर गाडीत घालून परत आणायचे, हा माझा नेम झाला होता.

माझा दादा प्रूफं तपासतो. वहिनीही तपासते. खरं सांगायचं तर ते दोघं मिळून एक प्रूफरीडर आहेत. औषधाच्या खोक्यात एक पातळ कागदाची चिठ्ठी असते बघा, एकदा उघडली की जन्मात पुन्हा तशी घडी पडत नाही, त्या चिठ्ठ्या छापायच्या आधी त्यांच्याकडे येतात. वहिनी मूळ कागद मोठ्यानं वाचते आणि दादा समोरच्या मॉनिटरवर प्रूफ बघतो. चूक दिसली की दादा म्हणतो ‘थांब’, दुरुस्ती करतो, म्हणतो ‘हं’, आणि वहिनी पुढे निघते. एवढंच काम. पण गोळी अर्धी की एक, सकाळी की रात्री, यात चूक झाली तर कुणाच्या तरी जिवावर बेततं, म्हणून दोघं फार मन लावून करतात.

वहिनीचं वाचन ऐकत राहावं असं. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद, सगळं वाचते आणि तेही गोड आवाजात. एक ओळ वाचायची, मान वर करून दादाकडे बघायचं, मग पुढची ओळ. मी चिडवायचो, ‘‘वहिनी, बातम्या देतेस काय?’’ या सवयीनं दोघांची रोजची भाषासुद्धा बिघडली होती. ‘‘जेवायला चला, पूर्णविराम,’’ असं वहिनी म्हणाली की माझी मुलं खोखो हसायची. दादा त्याहून वरचढ. एकदा एका पाहुण्याच्या तोंडावर मला म्हणाला, ‘‘हे आपले लांबचे काका, कंसात, जेवूनच जाणार आहेत.’’

मी शाळेत होतो तेव्हा वहिनी आमच्या घरात आली. मला ती आईसारखी वगैरे नाही. आईला मी घाबरायचो, वहिनीला कधीच नाही. मी तिला ‘अगं’ म्हणतो, ती मला ‘अहो भाऊजी’ म्हणते, आणि आमचं भांडण झालं तर दोन मिनिटांच्या वर टिकत नाही. म्हणूनच या मॉनिटरच्या प्रकरणानं माझं डोकं चक्रावलं.

झालं असं, की दादा एक दिवस दुकानात आला आणि म्हणाला, ‘‘माझ्या मॉनिटरला जुळणारे आणखी दोन हवेत. एक डावीकडे, एक उजवीकडे.’’

‘‘कशाला?’’

‘‘छापखाना आता मूळ कागदसुद्धा स्कॅन करून पाठवतो. डावीकडे मूळ, मध्ये प्रूफ, उजवीकडे कंपनीवाल्यांनी हातानं केलेल्या खुणा. मान वळवायची आणि ताडून बघायचं.’’

‘‘आणि वहिनी?’’

दादानं काउंटरवरचा माउस उचलला, उलटा करून बघितला, खाली ठेवला. ‘‘तिला जरा आराम,’’ म्हणाला.

मला काय ते कळलं. तीन मॉनिटर लागले की वाचणारं माणूस नको. दादाच्या समोरची ती खुर्ची रिकामी होणार. लग्न झाल्यापासून दोघं समोरासमोर बसून वाचतायत, ते संपणार. मला हे मुळीच आवडलं नाही. पण गिऱ्हाईक सख्खा भाऊ असला तरी गिऱ्हाईकच, म्हणून मी मुकाट्यानं माप घेतलं.

पहिला जोड माझ्या दुकानात पडूनच होता. मधला सत्तावीस इंची, हे चोवीस इंची. म्हटलं, बाजूलाच तर ठेवायचेत. दादाच्या कॉम्प्युटरला मॉनिटर जोडायच्या दोनच जागा निघाल्या, तो एक दुष्काळात तेरावा महिना. त्यासाठी वेगळं कनेक्टर आणलं, टेबलाखाली शिरून वायरी ओढल्या आणि घाम पुसत बाहेर आलो. वहिनी टेबलाच्या पलीकडून उठून दादाच्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघितलं.

‘‘मधला पांढरा दिसतो, भाऊजी. हे दोन पिवळट आहेत.’’

होते. मी सेटिंगमध्ये जाऊन पिवळेपणा कमी केला तर ते निळे झाले. निळेपणा काढला तर गुलाबी झाले. तीन पडद्यांवर एकच कोरं पान उघडलं, तर तीन वेगवेगळ्या गिरण्यांचं कापड शेजारी मांडल्यासारखं दिसत होतं. दादा म्हणाला, ‘‘मला चालेल.’’ वहिनी म्हणाली, ‘‘डोळे दुखतील तुमचे.’’ झालं. मॉनिटर गाडीत.

दुसरा जोड मधल्याच कंपनीचा, मधल्याच मापाचा आणला. रंग बऱ्यापैकी जुळला. मी विजयी मुद्रेनं वहिनीकडे बघितलं. तिनं चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, ‘‘अक्षरं मोठी दिसतात यांच्यात.’’

मी वाकून बघितलं. मधल्यावर जे अक्षर तांदळाएवढं, ते बाजूच्यांवर हरभऱ्याएवढं. माप एकच असलं तरी मधल्या पडद्यावर ठिपके जास्त दाटीनं बसवलेले होते, हे मी बघायला हवं होतं. मी दुकानदार. ते सांगितलं कुणी, तर जिनं उभ्या आयुष्यात एक स्क्रू फिरवला नाही तिनं. अक्षरं लहान करता येतात असं मी म्हणालो, तर म्हणाली, ‘‘मग ती पुसट होतील.’’ झालीच.

माझ्या बायकोनं निदान केलं. म्हणाली, ‘‘त्यांना खुर्ची सोडायची नाही. म्हणून खोड्या काढतात.’’ मला पटलं. पुढच्या खेपेला दादा आंघोळीला गेला होता, तेव्हा मी वहिनीच्या समोर बसलो. म्हटलं, ‘‘वहिनी, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? तुला वाचन सोडायचं नाही ना? सरळ सांग, मी दादाशी बोलतो.’’

वहिनी माझ्याकडे टक लावून बघत होती. मग तिचे डोळे भरून आले, आणि तिनं ते पटकन पुसले.

‘‘मी कशाला नको म्हणू, भाऊजी? त्यांनाच माझं वाचणं नकोसं झालंय. आणा तुम्ही मॉनिटर. पण जुळणारे आणा.’’

आता काय समजायचं माणसानं? दादाला मॉनिटर हवेत. वहिनी म्हणते आणा. मी आणतोय. मग नको आहेत ते कुणाला? मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘‘तुमच्या घरातली माणसं तुम्हालाच लखलाभ.’’

त्याच सुमाराला मला एक आगाऊपणा सुचला. दुकानांच्या गल्ल्याजवळ कॅमेऱ्यात काय चाललंय ते बघायला वीतभर पडदे लावतात, त्यातले दोन मी खिशात घालावेत तसे पिशवीत घालून नेले. म्हटलं, जिरवू जरा. मधल्याच्या दोन बाजूंना ते ठेवले. मोठ्या माणसानं लहान मुलांचे हात धरावेत तसं दिसत होतं. वहिनी आपल्या खुर्चीत बसली, समोर बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

‘‘हे अगदी छान आहेत!’’

दादा म्हणाला, ‘‘यांच्यावर काय मुंग्यांची प्रूफं वाचू?’’

‘‘रंग बघा ना किती जुळतोय,’’ वहिनी म्हणाली. रंग कसला जुळतोय! एक पडदा तर हिरवट होता. आणि एवढे दिवस जी बाई माझ्या मॉनिटरमध्ये केसाएवढी खोट काढत होती, तिला तो हिरवा रंग दिसेना. मी जिरवायला गेलो होतो, माझीच जिरली. परत येताना एका चौकात सिग्नल हिरवा झाला तरी मी तसाच उभा होतो, मागचे लोक शिव्या देईपर्यंत.

मग मात्र मी ईर्षेला पेटलो. मधला मॉनिटर ज्या वर्षीचा, त्याच वर्षीचे, त्याच नंबरचे दोन शोधायचे. ते बनणं कधीच बंद झालं होतं. ओळखीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना फोन केले. शेवटी एक ऑफिस बंद होत होतं, तिथं धूळ खात पडलेल्या ढिगाऱ्यात मिळाले. पुसले, तपासले, दुकानात आठवडाभर चालवून बघितले. दादाच्या घरी नेऊन लावले तेव्हा मला माझाच अभिमान वाटला. रंग तोच, उंची तीच, अक्षरं तीच, कडा तेवढ्याच जाड. बाजूचे दोन जरा आत वळवले, म्हणजे दादा तिघांच्या मधोमध बसल्यासारखा झाला.

वहिनीनं बघितलं. पुन्हा बघितलं. वाकून बघितलं.

‘‘फारच सारखे आहेत हो,’’ ती म्हणाली. ‘‘कुठला कुठला ते कळायचं नाही.’’

माझा तोल गेला. ‘‘वहिनी, आता हद्द झाली! जुळत नाहीत म्हणून नको, आणि जुळतात म्हणूनही नको? मला वेड लावायचं ठरवलंयस का?’’

दादाही वैतागला होता. म्हणाला, ‘‘बस झालं. हेच राहतील. एक चिठ्ठी आजच द्यायची आहे, ती शेवटची तुझ्याबरोबर वाचून टाकू. बस समोर.’’

‘शेवटची’ हा शब्द त्यानं किती सहज वापरला! वहिनी जाऊन बसली. मी चिडलेला होतो, तरी मला वाईट वाटलं. टेबल त्या खोलीच्या मधोमध आहे. दादाच्या मागे भिंत, वहिनीच्या मागे खिडकी, म्हणजे उजेड दादाच्या तोंडावर पडतो. एरवी मध्ये एकच मॉनिटर असायचा आणि वहिनीची खुर्ची जरा कडेला, म्हणजे त्याच्या बाजूनं तिला दादा दिसायचा. आज तिच्यासमोर तीन मॉनिटरच्या काळ्या पाठी होत्या आणि लोंबणाऱ्या वायरी होत्या. दादा पार झाकला गेला होता. मी खिडकीपाशी, वहिनीच्या मागे स्टुलावर बसलो.

वहिनीनं वाचायला सुरुवात केली. ‘‘प्रौढांसाठी, स्वल्पविराम, एक गोळी दिवसातून दोन वेळा, स्वल्पविराम, जेवणानंतर, पूर्णविराम.’’

‘‘थांब,’’ पलीकडून दादा म्हणाला. ‘‘इथं ‘जेवणापूर्वी’ छापलंय.’’

‘‘गोळी चावू नये, पूर्णविराम,’’ वहिनी म्हणाली.

‘‘थांब गं.’’

‘‘गोळी घेतल्यावर वाहन चालवू नये, पूर्णविराम.’’

‘‘अगं, थांब म्हटलं ना!’’

वहिनी वाचतच होती. आवाज तसाच गोड, पण प्रत्येक ओळीनंतर ती मान उंच करायची, मग डावीकडे झुकायची, मग उजवीकडे. गर्दीत पुढचं काही दिसेनासं झालेल्या लहान मुलीसारखी. दादानं टेबलावर जोरात थाप मारली. टेबल हादरलं तशी ती दचकून गप्प झाली.

‘‘मुद्दाम करतेस का तू हे?’’ पलीकडून आवाज आला.

वहिनी त्या काळ्या पाठींकडे बघून हसली. ‘‘हो ना,’’ म्हणाली.

ते हसू मी शेकडो वेळा बघितलं होतं. लग्नाकार्यात, गर्दीत, कुणी काही बोललं की वहिनी तशी हसते आणि ‘हो ना’ म्हणते, आणि आपल्याला वाटतं, किती गोड बाई आहे. मला खात्री करायची होती आणि करायची नव्हतीही. जगात वहिनी कशाला भीत असेल तर पालीला. पाल भिंतीवर दिसली तर ती शेजारच्या घरात जाऊन बसते. मी तिच्या पाठीमागून, नेहमीच्या आवाजात म्हणालो, ‘‘वहिनी, तुझ्या पायाशी पाल आहे.’’

वहिनीनं पान उलटलं.

दादा मात्र झटकन टेबलाखाली वाकला. ‘‘कुठाय? कुठाय?’’ करत त्यानं वायरींमध्ये हात घातला, डोकं आपटलं, आणि वहिनीच्या बाजूनं रांगत बाहेर आला. ‘‘कुठाय रे पाल? आणि ही अशी बसून काय राहिलीय?’’

मी नुसतं माझ्या कानाला बोट लावलं.

दादाला काही उमगेना. त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तो कुठं बघतोय म्हणून वहिनी मागे वळली, आणि माझं बोट कानाला लागलेलंच होतं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी नीट सारखा केला.

‘‘कधीपासून?’’ दादा खालीच बसून होता, गुडघ्यांवर.

‘‘झाली काही वर्षं. आधी दाराची बेल गेली. मग फोन. आता आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. तुमचं तोंड दिसलं की येतात.’’

मला तिचं ते ओळीमागं मान वर करणं आठवलं. ती बातम्या देत नव्हती. दादा ‘थांब’ म्हणतोय की ‘हं’, ते बघत होती. आणि मी दर सुटीला, घाम गाळून, तिच्यासमोर भिंत बांधायला येत होतो. मला माझी लाज वाटली आणि तिचा भयंकर राग आला. ‘‘मला सांगायचंस ना!’’ मी ओरडलो. मग तिच्या समोर जाऊन तेच पुन्हा ओरडलो.

‘‘ओरडू नका, भाऊजी,’’ वहिनी म्हणाली. ‘‘ओरडलं की तोंड वाकडं होतं, मग काहीच कळत नाही. आणि काय सांगायचं? माझ्या आईचं असंच झालं होतं. घरात सगळे हसायचे, ती विचारायची, काय झालं गं? आम्ही पोरी म्हणायचो, काही नाही, जाऊ दे. पुढं पुढं तिनं विचारणंच सोडलं. मला वाटलं, एकदा कळलं की मलाही सगळे तसंच म्हणतील. आणि ऐकू न येणाऱ्या बाईबरोबर कोण वाचतं? तसंही हे मला उठवणारच होते.’’

‘‘मी उठवतोय?’’ दादा म्हणाला. ‘‘मी?’’ तो उठून उभा राहिला आणि खिडकीबाहेर बघत बोलायला लागला. ‘‘मी तुला विचारलं होतं. तू भांडी घासत होतीस. मी मागे उभा राहून म्हणालो, रोज रोज माझ्यासमोर बसून वाचून कंटाळली असशील तर सांग. मी दोन मॉनिटर घेतो, एकटा करीन. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. मला वाटलं, कंटाळलीय, पण मला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. रात्रभर झोप नाही आली मला.’’

‘‘इकडे तोंड करून बोला,’’ वहिनी म्हणाली.

दादा वळला. मी बाजूचे दोन मॉनिटर उचलून खाली जमिनीवर ठेवले. दादा तिच्या समोर खुर्ची ओढून बसला आणि भांड्यांपासून सगळं पुन्हा सांगितलं, हळूहळू, एकेक शब्द. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मध्येच तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

‘‘अर्धंच कळलं.’’

‘‘मग कसं सांगू?’’ दादा रडकुंडीला आला होता.

‘‘या मिशा. वरचा ओठ दिसतच नाही. कामाचे ते ठरलेले शब्द येतात ओळखता, बाकीचं अंदाजानं.’’

दादाच्या मिशा दाट आणि ओठांवर उतरलेल्या. कॉलेजात असल्यापासूनच्या. आमच्या बाबांनी उतरव म्हणून सांगितलं होतं तेव्हा त्यानं दोन दिवस अन्न सोडलं होतं. मी म्हटलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, आता यंत्रं चांगली मिळतात, उद्याच जाऊ. दोघांपैकी एकालाही मी बोललेलं ऐकू गेलं नाही. दादा उठला आणि न्हाणीघरात गेला. आत नळ वाहिल्याचा आवाज आला, बराच वेळ. वहिनी मला म्हणाली, ‘‘कुठं गेले? रागावले का?’’ मी तिच्याकडे तोंड करून म्हणालो, ‘‘नाही.’’

दादा बाहेर आला तेव्हा मला हसू आवरेना. वरचा ओठ पांढराफटक, एका जागी कापलेला, त्यावर कागदाचा कपटा चिकटवलेला. माझ्या भावाचा ओठ एवढा पातळ आहे हे मला त्या दिवशी कळलं. तो वहिनीसमोर बसला. उजेड तोंडावर यावा म्हणून त्यानं खुर्ची जराशी सरकवली.

‘‘कंटाळलीस का गं,’’ त्यानं विचारलं, ‘‘रोज माझ्यासमोर...’’

‘‘नाही,’’ वहिनी म्हणाली.